ठाऊक नाही म्हणणारे पाळकसाहेब

देवाबद्दल काहीही विचारलं की आमचे पाळकसाहेब आधी "ठाऊक नाही" म्हणायचे. नवखा माणूस गडबडून जाई. ज्याला देवाची माहिती आहे म्हणून राहायला बंगली दिलेली आहे, त्यानंच असं म्हणावं म्हणजे काय! पण ते म्हणायचे, आणि अगदी निवांतपणे म्हणायचे. मेल्यावर माणसं एकमेकांना ओळखतील का, भूकंप झाला तेव्हा देव काय करत होता, सैतानाला शेपूट असते का, सगळ्यांना पहिलं उत्तर तेच. मग जरा थांबून म्हणायचे, "जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो." ते फार थोडं असायचं, पण त्यावरून त्यांना कोणी हलवू शकत नसे.

मी १९९८ मध्ये रत्नागिरीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. माझं गाव वेळणेश्वर, तिथून रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं. जागा शोधता शोधता चर्चच्या आवारातली एक खोली मिळाली, पाळकसाहेबांच्या बंगलीला खेटून. चर्चच्या लोकांना ते 'मंडळी' म्हणतात आणि मंडळीला सांभाळतो तो पाळक. बाकीचं गाव त्यांना पाद्रीबाबा म्हणे. साहेब दोन्ही हाकांना ओ द्यायचे. मूळचे नगरकडचे, त्यामुळे बोलणं अस्सल देशावरचं. बाजारात त्यांनी "ताजे हायेत का?" म्हटलं की कोळणी एकमेकींकडे बघून हसायच्या. इतकी वर्षं कोकणात काढून त्यांना बांगडा आणि तारली यातला फरक कळत नव्हता. त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, म्हणायच्या, "यांना देवाचं त्रैक्य समजतं, बांगडा समजत नाही."

मी पाद्र्याच्या आवारात राहते हे कळल्यावर माझी आई पहिल्याच एसटीनं आली. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या मनात बाटणं आणि पाव यांची गाठ पक्की बसलेली. विहिरीत पाव टाकून अख्खी वाडी बाटवल्याच्या गोष्टी तिनं लहानपणी ऐकलेल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं मला विचारलं, "काय गो, ह्यांच्याकडचा पाव-बिव खाल्ला नायस ना?" पाळकसाहेब पडवीतच बसले होते. ते म्हणाले, "ताई, आमच्यात पाव उपासनेत मिळतो आणि तो पण नखाएवढा. तुमच्या लेकीला पुरायचा नाही." आईनं पदर तोंडाला लावला, पण हसली हे मी पाहिलं. तरी त्या खेपेला तिनं घरून आणलेल्या भाकऱ्याच खाल्ल्या.

दर गुरुवारी संध्याकाळी त्या पडवीत वर्ग भरायचा. त्याला ते 'ईश्वरविज्ञानाची ओळख' असं भारदस्त नाव द्यायचे. मंडळीतल्या तरुण पोरांना गिटार वाजवून गाणी म्हणायला हवी असायची, त्यामुळे वर्गाला येणारी माणसं एका बाकावर मावतील एवढीच. बंदर खात्यातून निवृत्त झालेले दाजी, जे मंडळीचे मुख्य पंचही होते. दवाखान्यात नर्स असलेली सुशीला, ड्यूटी नसेल तेव्हा. आणखी दोघं-तिघं. आणि मी. माझ्या खोलीचं दार त्याच पडवीत उघडायचं. आत बसून ऐकायचं की बाहेर बसून ऐकायचं एवढीच निवड माझ्या हातात होती, आणि बाहेर पाळकीणबाईंचा चहा मिळायचा.

मी एकदा स्पष्टच विचारलं, "हे सगळं शिकायचं कशाला? माणसानं देवाला हात जोडावेत, झालं." दाजींना वाटलं, आता साहेब रागावणार. साहेबांनी उलट पाठ टेकली आणि खुशीत आले. "मास्तरीणबाई, देवाबद्दल प्रत्येकाचं काहीतरी मत असतंच. नाही म्हणणाऱ्याचं पण असतं. ते मत तुम्ही एकदा घासूनपुसून बघितलं का, एवढाच प्रश्न. नाही बघितलं तर ते तसंच राहतं, आणि एक दिवस कोणाच्या तरी आजारपणात त्याच्या उशाशी जाऊन बोलतं. मग फार वाईट बोलतं." मी मनात म्हटलं, पाद्री लोकांना बोलता येतं बाकी.

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. धडा संपला की ते विचारायचे, "आता याचा पत्ता सांगा." म्हणजे आज जे शिकलो ते गावातल्या कोणाला नेऊन सांगणार, नावानिशी. पत्ता नसलेलं वाक्य त्यांना चालायचं नाही. त्रैक्याच्या दिवशी एकजण घरून तयारी करून आला होता. पाणी, बर्फ आणि वाफ, तिन्ही एकच, तसा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. साहेब म्हणाले, "उदाहरण छान आहे, पण पाणी कोणावर प्रेम करत नाही." मग त्यांनी सांगितलं ते एवढंच. जग नव्हतं तेव्हाही देव एकलकोंडा नव्हता. प्रेम करायला तो आपल्यामुळे शिकला नाही, ते त्याच्यात आधीपासून होतं. कसं, ते ठाऊक नाही. "पत्ता?" म्हणाल्यावर सुशीला म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक म्हातारी आहे, तिला कोणी भेटायला येत नाही. तिला सांगेन, माणसाला सोबत लागते यात लाजण्यासारखं काही नाही. देवाच्यात पण सोबत आहे." साहेब म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं सांगितलंस."

कृपेच्या धड्याला मात्र भांडण झालं. मी आपली शाळेतली. म्हटलं, म्हणजे ग्रेसचे मार्क. साहेब म्हणाले, "नाही. ग्रेसचे मार्क काठावरच्याला मिळतात. कृपा पेपर कोरा ठेवणाऱ्याला पण मिळते." दाजी ताडकन उठले. "काय ओ साहेब! मग आम्ही इतकी वर्षं न चुकता उपासनेला येतोय ते कशाला?" "तेच मी तुम्हाला विचारणार होतो, दाजी," साहेब म्हणाले. दाजी चहा न घेता गेले. पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. दाजी तसे सरळ माणूस. नियम पाळणं हीच त्यांची भक्ती होती, आणि ती त्यांनी मनापासून केली.

देहधारणाचा धडा नाताळच्या आधी यायचा. देव माणूस झाला, असं ख्रिस्ती लोक मानतात. मी म्हटलं, आमच्याकडे तर अवतारांची रांग आहे, यात नवल ते काय? साहेबांनी वाद घातला नाही. "असेल. आमच्याकडे नवल एवढंच की तो लहानापासून सुरू झाला. नाळ कापावी लागली. पोट दुखलं असेल, रात्रभर रडला असेल. तो मोठा होऊन काही करण्याच्या आधीपण देवच होता. नुसता रडत असताना पण." दाजी दरवर्षी जांभ्या दगडाचे तुकडे आणि पेंढा घेऊन चर्चमध्ये बाळ येशूची गव्हाणी करत, त्यांनी मान डोलावली. पत्ता त्या दिवशी कोणालाच सुचला नाही. साहेब म्हणाले, "राहू द्या, सापडेल."

तो सापडला. मला वाटतं २००१ साल होतं. सुशीलाला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस राहिले होते. नवरा बोटीवर इंजिनचं काम करायचा, तो बाहेर. सातव्या महिन्यातच ती मोकळी झाली. मुलगा झाला, तळहाताएवढा. साहेब त्या वेळी एक लग्न लावायला चिपळूणला गेलेले. बाळाचं काही खरं नाही हे सुशीलाला नर्स असल्यामुळे इतरांच्या आधी कळलं. तिनं बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाणी घालून बाळाला मंडळीत घेण्याचं, विचारलं. दाजी म्हणाले, पाळकांशिवाय बाप्तिस्मा होत नाही, निरोप धाडलाय, येतील. सगळे साहेबांची वाट बघत राहिले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. ते आले तेव्हा बाळ गेलेलं होतं. दोन दिवस जगलं.

साहेब पडवीच्या पायरीवर बसले, चपला न काढता. मी पाणी आणून दिलं तर ते तांब्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "वेळच तशी आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. आईसुद्धा. ओंजळभर पाणी लागतं फक्त. मी यांना त्रैक्य शिकवलं, कृपा शिकवली, आणि हे शिकवायचं राहून गेलं." त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आता खरा प्रश्न पुढे होता. त्या मंडळीत जुनी रीत अशी की बाप्तिस्मा न झालेलं मूल दफनभूमीत ओळीत पुरायचं नाही. मागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून एक पट्टी होती, तिथे ठेवायचं. नाव नाही, क्रूस नाही, उपासना नाही. कोणीतरी एकटा जाऊन उरकून यायचा. दफनभूमीची किल्ली दाजींकडे. ते संध्याकाळी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, मला पण दुःख आहे. पण बाप्तिस्मा नाय तर सभासद नाय. मागची जागा साफ करून घेतो." सुशीलाला पाळकीणबाईंनी दवाखान्यातून आपल्याकडेच आणलं होतं, ती आतल्या खोलीत होती. तिला ऐकू जात होतं. तिचं सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं, की तिचं मूल मंडळीच्या हिशेबी जन्माला आलं होतं की नव्हतं.

साहेब म्हणाले, "दाजी, गव्हाणी तुम्ही करता ना?"

"करतो की."

"त्या गव्हाणीतल्या बाळाचा बाप्तिस्मा झालेला असतो?"

दाजींनी खिशातली किल्ली चाचपली.

"दोन दिवसांचा देव आपण पेंढ्यात ठेवतो आणि त्याच्यापुढे गुडघे टेकतो. मग दोन दिवसांचं माणूस गडग्याला कसं टाकायचं? तसं करायचं असेल तर गव्हाणी बंद करा. दोन्ही चालणार नाही."

"पण बाप्तिस्म्याला मग अर्थ काय ओ?"

"अर्थ आहे. देवानं ते पाणी आपल्याला दिलंय, आपण धरून राहावं म्हणून. त्यानं स्वतःचे हात त्यात बांधून घेतलेले नाहीत."

दाजींचा आवाज खाली आला. "मग ते पोर आता आहे कुठं? ते तरी सांगा."

"ठाऊक नाही," साहेब म्हणाले. "कोणाच्या हातात आहे ते ठाऊक आहे."

दाजी म्हणाले, हे वर कळवावं लागेल. साहेब म्हणाले, जरूर कळवा. दाजींनी खिशातून किल्ली काढली, बाकावर ठेवली आणि गेले.

त्या संध्याकाळी बायका सांत्वनाला येत होत्या. एकजण सुशीलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गो. देवाला फूल आवडलं, त्यानं तोडून नेलं." साहेब दारात होते. मी त्यांना आवाज चढवून बोलताना तेवढं एकदाच ऐकलं. "देव फुलं तोडत हिंडत नाही! कोणी सांगितलं तुम्हाला हे?" ती बाई घाबरून गेली. मग त्यांनीच तिची माफी मागितली, पण शब्द मागे घेतला नाही. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस दर गुरुवारी चार टाळक्यांसमोर कशासाठी घसा कोरडा करतो. ते वाक्य सुशीलाला जन्मभर पुरलं असतं, रोज थोडं थोडं कापत.

थोड्या वेळानं सुशीलानं विचारलं, "साहेब, नाव ठेवता येईल? नाव तर बाप्तिस्म्यात देतात ना?" साहेब म्हणाले, "नाव आईबाप देतात. आम्ही फक्त मोठ्यांदा म्हणतो." तिनं सुमित असं सांगितलं. नवऱ्याशी बोलून तेच ठरलेलं होतं.

माझी आई तेव्हा डोळे दाखवायला रत्नागिरीला आलेली होती. सकाळी ती म्हणाली, "मी पण येतंय." मी म्हटलं, आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत. "ते त्यांच्यात जातात ना? मग झालं," असं म्हणून तिनं पायात चपला सरकवल्या. खड्डा ओळीतच खणला होता, मोठ्या माणसांच्या शेजारी. जांभा फोडायला गड्याला बराच वेळ लागला. पेटी साहेबांनी स्वतः उचलून आणली, कोणाला धरू दिली नाही. मोठ्या माणसाला करतात ती सगळी उपासना त्यांनी केली, एक शब्द गाळला नाही. शेवटी बाळाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, असं पूर्ण नाव त्यांनी खणखणीत आवाजात घेतलं. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, दाजी उभे होते. आत आले नाहीत, पण डोक्यावरची टोपी त्यांनी काढलेली होती.

परतल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीही नाही नीट. मला वाटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं.

पुढे गुरुवारचे वर्ग चालू राहिले. दाजी येत, कोपऱ्यात फुगून बसत आणि चहा घेऊन जात. त्यांनी वर कळवलं होतं असं नंतर कानावर आलं. काही महिन्यांनी पाळकसाहेबांची बदली झाली, देशावर. त्या कारणानं झाली की त्यांची इथली मुदतच भरली होती, मला ठाऊक नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बरं झालं, तिकडे मासे ओळखावे लागत नाहीत." मला मात्र अजिबात बरं वाटत नव्हतं. त्यांच्या धर्मात मी गेले नाही, त्यांनीही कधी सुचवलं नाही, पण कोणाच्या दुःखात तोंड उघडण्याआधी आपण काय बोलणार आहोत ते तपासायचं, ही सवय मला त्या पडवीत लागली. शाळेत एखाद्या मुलाचा बाप गेला की अजूनही मी आधी गप्प बसते.

ते निघाले त्या दिवशी आई पुन्हा आली. निरोपाला फणसपोळी घेऊन आली असं मला वाटलं. टेम्पोत सामान चढत होतं. पाळकीणबाई भांडी मोजून घेत होत्या. आईनं फणसपोळी त्यांच्या हातात दिली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, एक विचारायचं होतं. मी तुमच्यातली नाय."

"विचारा ना, ताई."

"मला पहिली मुलगी झाली होती. हिच्या आधी. दोन दिवसांत गेली. बारसं व्हायच्या आधीच गेली, म्हणून नाव नाय. ह्यांनी नेली आणि वर सड्यावर, माळावर कुठं पुरून आले. कुठं, ते मला कधी सांगितलं नाय. आता ते पण नायत. मी कोणाकडे तिचं बोलले नाय. कोणी विचारलं पण नाय."

मी पाळकीणबाईंच्या शेजारी उभी होते. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

साहेबांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "तुम्ही मनात काही नाव ठेवलं होतं?"

आईनं मान डोलावली. "कुसुम."

"प्रार्थना करू, की नुसतं नाव घेऊ?"

"नुसतं नाव घ्या. त्या दिवशी घेतलंत तसं. सगळं."

त्यांनी वडिलांचं नाव विचारून घेतलं. मग पायातल्या चपला काढल्या, सरळ उभे राहिले, आणि टेम्पोवाला, हमाल, शेजारची माणसं सगळी बघत असताना त्या दफनभूमीतल्यासारख्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "कुसुम सखाराम आंबेकर."

आई आवारात सगळ्यांच्या देखत रडली. शाळेत मी रोज हजेरी घेते, इतकी नावं तोंडातून जातात, पण एखादं पूर्ण नाव मी असं कधी ऐकलं नव्हतं. त्यातलं मधलं नाव आणि आडनाव माझंच होतं, पहिलं तेवढं माझं नव्हतं.